बेस कुणी वाजवला?

पाना म्हणायचे त्याला सगळे. खरं नाव विचारलं असतं तर त्याच्या बायकोलाही घटकाभर आठवावं लागलं असतं. लिफ्ट दुरुस्त करण्यात उभं आयुष्य गेलेलं, आणि पॅन्टच्या मागच्या खिशात एक पाना कायमचा. कुणाच्या लग्नाला कोट घालून गेला तरी कोटाखाली तो असायचाच. स्वभाव म्हणाल तर संशयी. जन्मजात नव्हे, धंद्यानं केलेला. लिफ्ट बंद पडली की बिल्डिंगीतला झाडून सगळा माणूस गळ्याची शपथ घेऊन सांगतो, "आम्ही काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडली." आणि मग दाराच्या फटीत कुणाच्या तरी नव्या फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा सापडतो. 'आपोआप' या शब्दावरचा त्याचा विश्वास तिथंच उडाला. घरी कडी लावली की तो ती ओढून बघायचा. बायकोनं दुधाचा वास घेऊन चांगलं आहे म्हटलं, तरी पातेल्यात स्वतःचं नाक घालायचा.

"माझं नाक काय भाड्यानं आणलंय का?" बायको म्हणायची.

"तुझ्या नाकावर राग नाही गं. दुधावर आहे."

अशा माणसाच्या फोनवर एका सकाळी एक गाणं येऊन पडलं. पाठवणारा चष्मेवाला, त्याचा पोरवयापासूनचा दोस्त. बाजारपेठेत त्याचं चष्म्यांचं दुकान. गाण्याखाली लिहिलेलं, 'ऐक, आणि आता मेलास तरी हरकत नाही.' पाना तेव्हा एका ऑफिसच्या इमारतीच्या गच्चीवर होता, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत. लिफ्ट रिकामी आहे याची दोनदा खात्री करून त्यानं मोटार बंद केली, ग्रीसचे हात चिंधीला पुसले आणि इअरफोन कानात खुपसले.

गाणं त्यांचंच होतं. म्हणजे मूळ दुसऱ्यांचं, सातासमुद्रापारच्या चार लांबकेशी पोरांनी कधीकाळी वाजवलेलं दणदणीत रॉक गाणं. या दोघांना मिसरूड फुटत होतं तेव्हा त्यांनी ते एका कॅसेटवर ऐकलं आणि 'त्या दिवसापासून दोघं वाया गेले,' असं पान्याचा थोरला भाऊ अजून सांगतो. चष्मेवाल्यानं गिटार धरली. पान्यानं बेस धरला. बेस म्हणजे चार जाड तारांची, खालच्या घुमाऱ्याची गिटार. ती वाजत असते तोवर तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं, आणि थांबली की मात्र पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखं होतं. पान्याला असलंच काम आवडायचं. लिफ्टच्या माणसालाही कुठं कोण विचारतं, ती चालू असेपर्यंत?

इतक्या वर्षांत ते गाणं त्यांनी कितीदा वाजवलं असेल याला गणती नाही, पण रेकॉर्ड कधी केलं नव्हतं. आत्ता केलं, त्याला कारण पान्याचं बोट.

गेल्या साली लिफ्टच्या दारात त्याच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सापडलं. हाड जुळलं, पण वरचं पेर काही वाकेना. डॉक्टर म्हणाले, रोजच्या कामाला अडचण नाही. पान्यानं विचारलं, "आणि तारा दाबायला?" डॉक्टरांनी खांदे उडवले. तेव्हापासून पाना बेस हातात घ्यायचा, चार सूर वाजवायचा आणि ठेवून द्यायचा. स्वतःच्या कानावर त्याचा भरवसा नव्हता. वाजवताना माणसाला आपण वाजवू पाहतोय ते ऐकू येतं. खरं काय वाजलं ते लांबून ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्यानंच हे काढलं होतं. चष्मेवाल्याच्या घरी मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता, रेकॉर्डिंगची डबी होती, कपाटाला गाद्या टेकवून आवाज दाबायची सोय होती. गाणं रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं. बरं वाजलं तर बेस ठेवायचा. नाही वाजलं तर विकून टाकायचा, आणि पुन्हा त्या विषयाचं नाव काढायचं नाही. हे त्यानं बायकोला सांगितलं होतं, चष्मेवाल्यालाही सांगितलं होतं.

आता गच्चीवरच्या खोलीत त्यानं ते ऐकलं. चष्मेवाल्याची गिटार सुरू झाली, आणि तिच्याखाली बेस असा सुरळीत आला की जणू नव्या रुळावरून लिफ्ट खाली उतरतेय. ध्रुवपदाच्या आधी बेसची एक लांब चढण आहे, सुरामागून सूर वर जाणारी. तिथं त्याचं ते बोट लागतं. चढण स्वच्छ गेली. एक सूरही घसरला नाही.

पान्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग मनात पाल चुकचुकली.

त्यानं पुन्हा ऐकलं. फक्त बेस ऐकला. प्रत्येक सुराच्या सुरवातीला एक बारीकसा 'टक्' होता, नखानं डबा टिचकावल्यासारखा. पाना बेस वाजवतो बोटांच्या मऊ टोकांनी. त्याचा सूर 'धुम्' येतो, 'टक्' येत नाही. टक् येतो तो पिकचा, गिटारवाले तारा छेडतात त्या प्लास्टिकच्या तिकोनी चकतीचा.

"हा मी नाही," पाना मोटारीला म्हणाला.

संध्याकाळी घरी त्यानं विषय काढायच्या आतच बायकोनं काढला. "छान झालंय हो गाणं!"

"तू कधी ऐकलंस?"

बायकोचा हात कणकेत थांबला. "नाही, म्हणजे... पाठवलं असेलच ना त्यांनी. तुम्ही वाजवलंय म्हटल्यावर छानच असणार की."

"इतक्या वर्षांत तू माझं वाजवणं छान म्हटलेलं मला आठवत नाही. 'तो घुम्या बंद करा' म्हणायचीस."

"मग आता म्हटलं तर ते पण चालत नाही का? कौतुक केलं तरी पंचाईत!" आणि तिनं कणीक अशी बडवायला घेतली की पुढं बोलायची सोय राहिली नाही.

पाना बाहेर येऊन बसला. घरच्याच माणसाच्या तोंडाला कुलूप असलं की किल्ली कुणाकडं आहे ते शोधावं लागतं. त्यानं रेकॉर्डिंगचा दिवस आठवून पाहिला. चष्मेवाल्यानं गिटार आधीच वाजवून ठेवली होती. पान्यानं कानाला हेडफोन लावून तिच्यावर बेस वाजवला. झाल्यावर म्हणाला, "लाव बघू, ऐकू." तर चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "आज नको. वाजवलेल्या दिवशी ऐकायचं नसतं, कान शिळे असतात. मी नीट बसवून पाठवतो." तेव्हा ते पटलं होतं. आता आठवलं की चष्मेवाला पोरपणापासून थाप मारायच्या आधी चष्मा पुसतो. मास्तरांपुढंही पुसायचा.

म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तरी वाजवून घेतलं. कुणाकडून? हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चष्मेवाल्याला नुकताच जावई आला होता, आणि तो जावई बेस वाजवायचा. पिकनं वाजवायचा. साखरपुड्यापासून चष्मेवाल्याच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. जावयाचा बेस असा, जावयाची बोटं तशी. एकदा तर पान्यासमोरच म्हणाला होता, "लोण्यासारखं वाजवतो रे!" पान्यानं तेव्हा आपलं ताठ बोट टेबलाखाली घेतलं होतं.

आता त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोस्तानं आपल्या जागी जावई बसवला, वर आपल्याच नावानं आपल्याला ऐकवला. आणि बायकोला सामील करून घेतलं!

जावई ज्या ऑफिसात होता तिथली लिफ्ट पान्याच्याच देखरेखीखाली होती. दुसऱ्या दिवशी काही बिघाड नसताना पाना तिथं गेला. दुपारच्या सुट्टीत जावई खाली उतरला तेव्हा पाना लिफ्टच्या दारातच हत्यारांची पेटी घेऊन बसलेला.

"काय काका, पुन्हा बंद पडली?"

"पडली नाही, पडेल म्हणून आलोय. या, जावईबापू, बसा जरा. सासऱ्यांकडं ते आमचं गाणं ऐकलंत म्हणे?"

"ऐकलं ना! भारी आहे."

"बेस कसा वाटला?"

"एकदम कडक." जावई हसला. हसणं मोकळं होतं, पण पान्यानं ते जमेस धरलं नाही. मोकळं हसणारेच पुठ्ठे अडकवतात.

"तुम्ही पण वाजवून बघितलंत ना?" पान्यानं अंधारात खडा टाकला.

"बघितलं की! सासरेच म्हणाले, जरा यावर वाजवून दाखव."

पान्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. "मग?"

"मग काय, इज्जतीचा पार फालुदा! काका, राग मानू नका, पण दुसरं कडवं संपतं ना, तिथं तुमचा एक ठोका गायबच आहे. गाणं मधेच उडी मारतं. मी मूळ गाणं ऐकून शिकलेलो, माझा हात तिथं सवयीनं थांबतो. दर वेळी आपटलो. मी म्हटलं, 'बाबा, हे चुकीचं आहे, ठोका घाला तिथं.' तर कधी नव्हे ते चिडले. म्हणाले, 'ठेव ते खाली, तुला जमायचं नाही.' मी ठेवलं."

पान्यानं मनातल्या मनात दुसरं कडवं वाजवून पाहिलं.

तो ठोका कुठं गेला ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. पोरवयात त्यांची ती एकुलती एक कॅसेट टेपरेकॉर्डरनं चघळली. फीत चुरगळली. पान्यानं ब्लेडनं चुरगळलेला तुकडा कापला, दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली आणि फीत पेन्सिलीनं गुंडाळून परत लावली. गाणं वाचलं, पण दुसऱ्या कडव्यानंतरचा एक ठोका कापलेल्या तुकड्याबरोबर केरात गेला. दोघं गाणं शिकले ते त्या जोडलेल्या कॅसेटवरून. त्यांच्या हातात ती उडी अशी बसली की पुढं कित्येक वर्षांनी अख्खं गाणं रेडिओवर लागलं, तेव्हा चष्मेवाला म्हणाला होता, "काय रे, हे लोक इथं अडखळतात!"

आणि फोनवर आलेल्या गाण्यात बेसनं ती उडी कशी मारली होती? न चाचपडता. उडीच्या आधीच पुढच्या सुराकडं सरकायला लागला होता, घरातल्या पायरीवर पाय टाकावा तसा. शिकवून, सांगून ते येत नाही.

पिकनं वाजवणारा. कापलेला ठोका हातात असलेला. दोन्ही गोष्टी ज्याच्याकडं आहेत असा माणूस एकच. पान्यानं स्क्रू उचलला आणि पेटी बंद केली.

"झाली का काका दुरुस्त?"

"बिघाड इथं नव्हताच, जावईबापू."

खरं तर जावई निर्दोष सुटल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच झोंबलं. परक्यानं जागा घेतली असती तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. ज्याच्यासमोर आपण पहिला सूर चुकलो, त्यानंच आपल्याला पुसून टाकावं?

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो चष्मेवाल्याच्या घरी गेला, बेस पाठीला लावून. चष्मेवाला दारातच म्हणाला, "अरे वा, हत्यारासकट!" मग त्याचं तोंड बघून बाजूला झाला. मागच्या खोलीत गेल्यावर पान्यानं दार लावलं, ओढून पाहिलं आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीकडं बोट केलं. तेच ताठ बोट.

"बस. माझं कुठंय?"

"काय तुझं?"

"मी वाजवलेलं. चष्म्याला हात लावू नकोस."

चष्मेवाल्याचा वर गेलेला हात तसाच खाली आला. तो मग म्हणाला, "वहिनी बोलल्या का?"

"तिचं नंतर बघतो. गिटारीवर वाजवलंस ना? आणि आवाज कॉम्प्युटरनं खाली ओढलास."

"तुला कसं कळलं?"

"टक् टक् वाजतंय लेका, सुतारपक्षी बसल्यासारखं. निदान बोटांनी तरी वाजवायचंस!"

"बोटांनी मला येत नाही."

"मग दुसऱ्याच्या नावावर कशाला वाजवतोस?"

चष्मेवाला उसळला. "कशाला म्हणजे? तू म्हणालास, वाईट वाजलं तर विकून टाकीन! आधी जावयाला बसवून पाहिलं, त्याला तो ठोका जमेना. वहिनी इथं आल्या होत्या. म्हणाल्या, भाऊजी, त्यांचा बेस घरातून गेला ना, तर ते दिवसभर कड्याच ओढत बसतील. मी काय करायचं होतं? तूच सांग."

"मला ऐकवायचं होतं. मी दुसरं काय मागितलं होतं? हात चालतो की नाही, एवढंच विचारलं होतं. आणि तू माझ्या नजरेची तपासणी करायला बसलास, आणि समोरची अक्षरं स्वतःच वाचून मला सांगितलंस, की बघ, तुला दिसतंय!"

हे चष्मेवाल्याला बरोबर लागलं. त्यानं खुर्ची ओढली, कॉम्प्युटर चालू केला. "पुसलं नाही मी," एवढंच म्हणाला. "ठेवलंय." आणि पान्याचा खरा बेस लावला.

पाना उभ्यानंच ऐकत होता. आधी बरं चाललं होतं. 'धुम्, धुम्', आपला आवाज त्यानं ओळखला. मग ती चढण आली. वरचे दोन सूर दबलेच नाहीत; तार नुसती फरफरली, काचेत माशी अडकल्यासारखी. पुढच्या ध्रुवपदाआधी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर बोट पोचेपर्यंत गाणं पुढं निघून गेलं होतं. चष्मेवाला मान खाली घालून बसलेला. पान्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"वाईट आहे," पाना म्हणाला.

"फार नाही..."

"पुन्हा थापा? वाईट आहे. पण चढणीतच वाईट आहे. बाकी ठिकाणी नाही. परत लाव."

परत लावलं. या वेळी पाना कान टवकारून बसला. दर वेळी तेच दोन सूर जात होते, तेच बोट उशिरा पोचत होतं. बाकीची तीन बोटं ठणठणीत होती. त्यानं बेस पिशवीतून काढला आणि चढण वेगळ्या वाटेनं करून पाहिली. वर न चढता खालच्या जाड तारेवर राहून तीनच बोटांनी. ती मूळ गाण्यातली चढण उरली नाही. थोडी जड, पाय घासत चालल्यासारखी झाली. पण सूर दबत होते.

"असं नाहीये ते," चष्मेवाला म्हणाला.

"आता असं आहे. चल, रेकॉर्ड कर. आणि तो एक माइक आण, तू कॅरमच्या स्पर्धेत निवेदन करायला घेतला होतास तो."

"माइक कशाला? डबीला तार जोड की. वेगवेगळं घेऊ, साफ येतं."

"साफ नको मला. माइक मधे ठेव. तू एका स्पीकरवर, मी दुसऱ्यावर, एकाच वेळी. दोघांचं एकात एक जाऊ दे. नंतर तुला मला काढायचं झालं, तर तू पण निघशील."

"इतका विश्वास उडाला?"

"उडाला," पाना म्हणाला. "वाजव."

खोलीच्या मधोमध स्टुलावर माइक उभा राहिला. बाहेर चष्मेवाल्याच्या बायकोला मिक्सर न लावण्याची तंबी गेली. पहिल्या खेपेला पानाच चुकला. दुसऱ्या खेपेला खालून कुणीतरी स्कूटर सुरू केली. मग मात्र गाणं लागलं. कॉम्प्युटरचे ड्रम या वेळी लावले नव्हते. पाना पायानं फरशीवर ठोके देत होता. ती पायाची थापही माइकमध्ये जात होती. चढण आली. तीन बोटांनी, जड पावलांनी, पण गेली. दुसरं कडवं संपलं, आणि दोघांनी न बघता ती उडी मारली.

पुढं चष्मेवाल्याचा एकट्याचा तुकडा. त्याचा सगळ्यात लाडका. आणि तिथं, वरच्या सुरावर जाता जाता, त्याचं बोट शेजारच्या तारेवर पडलं. असा कचकचीत बेसूर वाजला की बाहेरून बायकोचा आवाज आला, "काय पडलं?"

गाणं संपलं. पान्याचा बेस शेवटच्या सुरापर्यंत धड होता.

"पुन्हा घेऊ," चष्मेवाला घाईनं म्हणाला. "माझं चुकलं ना तिथं."

"नाही."

"अरे, भिकारी वाजलंय ते! लोकांना ऐकवायचंय. तेवढं तरी मला वेगळं वाजवून लावू दे."

"लावता येणार नाही," पाना बेस पिशवीत घालत म्हणाला. "ते काढायला गेलास तर माझा बेस पण निघेल. हेच पाठव."

"हा सूड आहे."

"असेल."

चष्मेवाल्यानं मग त्याच्यासमोरच गाणं त्याच्या फोनवर पाठवून दिलं. घरी जाताना जिन्यात थांबून पान्यानं इअरफोन कानात घातले. स्वतःचा बेस त्यानं सोडून दिला. चढण पण सोडली. थेट चष्मेवाल्याच्या तुकड्यापर्यंत आला आणि श्वास धरून थांबला. बेसूर होता. होता तसा, कचकचीत, जागच्या जागी. मग कुठं त्यानं गाणं पहिल्यापासून लावलं.